कार्डावरची हळद

२००४ साली हिंगोलीत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि चालवणाऱ्यांना कॉम्प्युटर पुसण्यापलीकडं काही येत नव्हतं. विजयकुमार सर त्यातले थोर. टाय बांधायचे.

माझा छंद भंगारातला. जुनी डिस्प्ले कार्डं, म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटवणारे कॉम्प्युटरचे भाग, मी दुरुस्त करायचो. ब्याण्णव सालचं एक सापडलं. चिपा बसवायची पाटी सडलेली, चिपा धडधाकट. मी तशीच नवी पाटी केली. तांब्यावर नेलपॉलिशनं एकेक रेघ काढली, बाकीचं तांबं अ‍ॅसिडात विरघळवलं, जुन्या चिपा डाग देऊन बसवल्या. आठ महिने गेले.

"ह्याच्यानं पोट भरतंय का?" बायको, मोहिनी, विचारायची.

"न्हाई."

"मग काहून करून राहिले?"

ते चालतं का, एवढंच मला बघायचं होतं. पण तसलं कार्ड बसायची लांब काळी खाच असलेली मशीन एकट्या सरांकडं उरली होती.

"दसऱ्याला आण," सर म्हणाले. "पूजेत ठेवू. पेपरवाल्याला सांगू, आमच्या क्लासमधी बनलं."

"तुमच्या?"

"मशीन कोणाची हाय, अंगद?"

लाचार होऊन गेलो. उघड्या मशीनमधे कार्ड बसवलं. सरांनी ओल्या हळदीची पाच बोटं थेट कार्डावर ओढली.

"सर, पाणी नका लावू."

"देवाच्या पाण्यानं काय होतंय, येड्या?"

मग कॅबिनेटच्या कडेवर नारळ फोडला, पाणी आत, फोटोसाठी लगेच बटण दाबलं. फट्‌ झालं. धूर निघाला.

"तुझ्या गावठी कार्डानं माझी मशीन खाल्ली," सर म्हणाले. पोरं हसली.

कार्ड घरी आणून स्पिरिटनं धुतलं, आठवडाभर वाळवलं. जवळा बाजारच्या भंगारवाल्याकडं तशीच खाच असलेलं मशीनचं खोकं मिळालं. बटण दाबलं. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मोहिनी पदरानं हात पुसत बघत राहिली. "लय बारीक लिव्हतंय," म्हणाली.

तवर पेपरात सरांचा फोटो आला होता, 'हिंगोलीच्या शिक्षकाने बनवले कार्ड'. धुराचं एक अक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर दारात.

"ते कार्ड दे. काचेत लावतो."

मी आत गेलो. सडलेली जुनी पाटी उचलली, चिपांच्या जागी नुसती भोकं. तिच्यावर हळदीची पाच बोटं ओढली आणि दिली.

सरांनी उलटीपालटी करून बघितली. "हेच ते," म्हणाले.

क्लासच्या भिंतीवर ती काचेत लागली. सर पोरांना छडीनं दाखवायचे, ही चिप, ही मेमरी.