मोठ्या अक्षरातला रविवार

मी एक जुना लाकडी ‘र’ आहे. मित्रांनो, छापखान्यात बारीक मजकुराला शिशाचे खिळे लागत. मी चांगला चार बोटं उंच. माझा जन्मच मथळ्यात उभं राहण्यासाठी झाला.

१९५१ साली मी कल्याणला भाऊंच्या छापखान्यात आलो. तिथे डोंबिवलीच्या एका वाचनालयाचं मासिक छापलं जाई. वाचनालयाचे अध्यक्ष अण्णा ठाण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. कुणाचा मान कमी व्हायला नको, हा त्यांचा आग्रह. म्हणून मासिकात अध्यक्षांचं नाव मोठं, उपाध्यक्षांचं मोठं, सत्यनारायणाला दूध देणाऱ्यांचंही मोठं. आम्ही पानभर असे दाटीने उभे राहायचो की वाचणाऱ्याने कुठून आत शिरावं ते कळत नसे. मला तेव्हा ते फार आवडायचं.

चित्राबाई नावाच्या शिक्षिकेने खटपट करून रविवारी दुपारी बायकांसाठी वाचनाची खोली मिळवली. मासिकात त्या खोलीच्या जाहिरातीचं पान लागलं. पदाधिकाऱ्यांची नावं आमच्यासारख्या दांडग्या अक्षरांत. वार आणि वेळ तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. रविवारी एकही बाई आली नाही.

“गोडीच नाही बायकांना,” अण्णा म्हणाले. “पुढच्या अंकापर्यंत बघू. नाहीतर खोली कॅरमला.”

पुढच्या अंकाचं पान जुळवलं जात असताना चित्राबाई छापखान्यात आल्या. अण्णा आपलं नाव ठळक आलंय ना, ते तपासत होते.

“अण्णा, तुमच्याकडे ताटात मीठ कुठे वाढतात?”

“वरच्या कडेला. चिमूटभर.”

“या पानावर ते मधोमध ओतलंय. भात शोधावा लागतोय.”

भाऊ खाली मान घालून खिळे पुसू लागले.

“म्हणजे मी मीठ?”

“तुमच्याशिवाय चव नाही, अण्णा. पण मूठभर कोण खाणार?”

अण्णांनी चष्मा पुसून पान पुन्हा न्याहाळलं. “उपाध्यक्षांना काय सांगू?”

“त्यांना लोणचं करा.”

मग ‘रविवारी दुपारी’ तेवढं मोठं लागलं. खाली मध्यम अक्षरांत ‘बायकांसाठी वाचनाची खोली’, मग मोकळी जागा आणि कडेला बारीक नावं. माझ्याभोवती पहिल्यांदाच कोरा कागद होता. जरा उघड्यावर आल्यासारखं वाटलं.

अंक वाटल्यानंतरच्या सोमवारी भाऊ सांगत होते, काल खोलीत सतरंजी कमी पडली म्हणे. अण्णा स्वागताला दारात उभे होते. मानपाड्याहून आलेल्या शेवंतीने त्यांना विचारलं, “काका, चपला हितंच काढू का?” अण्णांनी तिला जागा दाखवली. कॅरमचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मला वाळवी लागली आहे आणि मी एका दाराची पाचर आहे. तक्रार नाही. माझे भाऊबंद कुठे सापडले तर कोरडे ठेवा, बंबात घालू नका. आणि मित्रांनो, मोठं अक्षर उचलण्याआधी लोकांना काय कळायला हवं ते ठरवा. आपलं नाव काय, ते लोक आल्यावरही सांगता येतं.