अठरा इंचांची वाट

मालनअक्का गेटात अडकली होती. डोक्यावर ओल्या गवताचा भारा, मान ताठ, दोन्ही हात भाऱ्याला. पुढं सरकावं तर भाऱ्याचं एक टोक पाइपाला अडायचं, मागं सरावं तर दुसरं. बाहेर शहरातून आलेली चार माणसं आत जायला खोळंबली होती. त्यातल्या एका बाईनं मोबाईल वर धरला होता.

"नूरभाऊ, आवं बघताय काय? तुमच्या गेटानं धरलंय मला!"

नूरमहंमद त्या गेटाला रंगाचा दुसरा हात मारत होता. ब्रश टाकून तो उठला.

"भारा खाली टाका, अक्का."

"टाकला तर सुटंल. अन परत डोक्यावर कोन दील, तुमचा सरपंच?"

शेवटी टाकावाच लागला. दोर निसटला, गवत वाटेवर पसरलं. पाहुण्यांनी त्याच्यावरनं पाय टाकले, "थँक्यू काका" म्हटलं आणि डोंगर बघायला निघून गेले. मालनअक्का कवेत धरून गवत बाहेर आणत राहिली. पाच खेपा झाल्या. साठीची बाई. नूरमहंमद मदत करत होता. गेट त्याच्या हातचं होतं.

आठ वर्षं डोंगराची वाट वेड्या बाभळीनं गिळली होती. भोवती जाळी, जाळीवर काटेरी तार. बाया ओढ्याकडच्या फाटक्या जाळीतून आत शिरायच्या आणि गवत आणायच्या. मग गावानं ठरवलं, डोंगर सगळ्यांना खुला करायचा. चार महिने दर रविवारी श्रमदान. बाभळी तोडल्या, दगडाच्या पायऱ्या बसवल्या, ओढ्यावर फरशी टाकली. पुरुष फोटोपुरते यायचे, हे लिहायला मला लाज वाटत नाही. घमेली बायांनी वाहिली. ओढ्याकडचं ते भगदाड बुजवायला दगड वाहिले, तेही ह्याच बायांनी. आता चांगली वाट होणार म्हणून.

डोंगरासाठी गावानं नेमलेल्या समितीचा नियम साधा होता. गवत विळ्यानं कापून न्या, जनावर आत घालू नका. म्हणून गेट असं हवं की माणूस जाईल, गाय जाणार नाही. नूरमहंमदचं वेल्डिंगचं दुकान; आपल्या वाटणीचं श्रमदान म्हणून त्यानं ते करून दिलं. शेवगावहून पाइप आणले. वर कमान, कमानीवर पाटी: 'वन सर्वांसाठी खुले'. मधे तिरकी वळती वाट, अठरा इंचांची. माप घ्यायला गावातल्या कानिफनाथची कालवड आणली होती आणि सरपंचाला पोटासकट उभं केलं होतं. कालवड अडकली, सरपंच निघाला. सगळे पोट धरून हसले.

भारा कुणी आणला नाही.

घरी त्यानं मालनअक्का अडकल्याचं सांगितलं तेव्हा त्याची बायको बिस्मिल्ला भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला इचारायचं हुतं की. तीस वर्षं भारा वाहिला म्या. तुमच्या दुकानाचं पत्रं आपल्या म्हशीच्या दुधावर आलं."

"ध्यानात न्हाई राहिलं गं."

"कसं राहील? दोन वर्षं झाली माजं गुडघं जाऊन. घरात भारा यायचा बंद झाला, तुमी इसरून गेला."

दुसऱ्या दिवशी तो समितीच्या अध्यक्षाकडं, अमृतकडं गेला. पोरगा त्याच्या मुलाच्या वयाचा, गावात चाळीस एकर बागायत.

"बरं झालं आला, चाच्या. निरोपच धाडणार हुतो. शेळ्या आत जायल्यात. वळनात अजून एक उभा पाइप टाका."

"शेळी जाती अन बाई अडकती, अमृतराव. मी रुंद करायचं म्हनायला आलोय."

"रुंद केलं तर गाया घुसत्याल. पावनी लोकं काय म्हनत्याल, शेणातून चालायचं का?"

"अन बायांनी काय करायचं?"

"बारकं बारकं भारं करा म्हनावं. दोन खेपा करायच्या. तेवढाच यायाम."

नूरमहंमदनं त्याच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं लोखंड कापलेला माणूस. त्याला माहीत होतं, लोखंड तापवलं की वाकतं; हा पोरगा वाकणारा नव्हता.

"मी न्हाई टाकनार पाइप."

"मग दुसरा टाकील."

दुसऱ्यानं टाकला. बाहेरच्या वेल्डरनं येऊन अर्ध्या तासात टाकला. जोड इतका ओबडधोबड की हात लावला तर कातडी सोलावी. कमानीवरची पाटी तशीच होती.

त्या दिवसापासून नूरमहंमद चार वाजता दुकानाचं शटर ओढू लागला. गेटाशेजारी जाळीवरच्या काटेरी तारेवर दोन पोती घडी करून टाकायची. आतून बाई भारा तारेवर टेकवणार, बाहेरून तो खांद्यावर घेणार. बाई गेटातून मोकळी बाहेर आली की तिच्या डोक्यावर द्यायचा. मग पुढची. रोज अकरा बाया.

"चाच्यानं नवी नोकरी धरली!" कानिफनाथ जाताजाता ओरडायचा. "पगार किती हाय?"

"तुझ्या कालवडीला इचार," मालनअक्का आतून ओरडायची. "तिच्यामुळं लागलीया!"

पंधरा दिवसांत नूरमहंमदचा उजवा खांदा वर उचलेना. बिस्मिल्ला रात्री तेल चोळायची. सकाळी तो डाव्या हातानं शटर उघडायचा. दुकानात कुणाला कळू द्यायचा नाही. गेटावर मात्र त्या अकरा जणी रोज त्याच्या खांद्याकडंच बघत होत्या.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्यानं मालनअक्काचा भारा खांद्यावर घेतला आणि तसाच थांबला. भारा निम्मासुद्धा नव्हता. मागच्या बाईचाही तसाच. तिच्या मागचीचाही.

"अक्का, एवढ्यावर गाईचं भागतं?"

"गवतच न्हाई ओ वर आता," मालनअक्का पदर सारखा करत म्हणाली. "सपलं समदं."

मागच्या बाया जमिनीकडं बघत उभ्या होत्या. नूरमहंमदनं जाळीतून वर पाहिलं. पार माथ्यापर्यंत कमरेएवढं गवत पिवळं होऊन वाऱ्यावर हलत होतं.

"व्हय," तो म्हणाला, आणि भारा तिच्या डोक्यावर दिला.