दोनच चौकोन

आमच्या बेटावरच्या प्रसूतिकेंद्रात मी पंचवीस वर्षं सुईण आहे. पण शांत बाळांचं कौतुक करणं मी सोडलंय.

लुझविमिंदाचा पहिला मुलगा आमादो. जन्माच्या दुसऱ्या दिवशी जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी त्याची टाच टोचून कागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे होते. सासू आडवी आली. "बाप्तिस्म्याआधी लेकराचं रक्त काढत नाहीत आमच्यात. रविवारी पाद्री येतोय. मग टोच काय टोचायचं ते."

मला इथं सगळ्या मनांग, म्हणजे ताई म्हणतात. लुझविमिंदा हळूच म्हणाली, "मनांग, सोमवारी आणला तर चालेल?"

चालेल काय, धावलं असतं. पण फॉर्मवर चौकोन दोनच, संमती आणि नकार. शेजारच्या खोलीत दोघी कळा देत होत्या, म्हातारीशी डोकेफोड करायला मला सवड नव्हती. मी नकारावर खूण करून सही घेतली. आईबापांचा तो हक्कच आहे. फॉर्म मी वाचून दाखवला, समजावून सांगितला नाही.

सोमवारी समुद्र खवळला, त्यांच्या वाडीहून केंद्राकडे येणारी होडी सुटली नाही. पुढे घरच्यांच्याही डोक्यातून ते गेलं. संमती असती तर मी घर गाठून टाच धरली असती. नकार दिलेल्यांच्या मागे कोण लागतं?

"रडतच नाही गं, देवमाणूस आहे," सासू गावभर सांगायची. लशीला आणला तेव्हा मीही त्याचा गाल ओढून म्हटलं, "असं शहाणं पोर सगळ्यांना मिळो."

सातव्या महिन्यात इलोइलो शहरातल्या डॉक्टरांना कळलं. त्याच्या गळ्यातली ग्रंथी जन्मापासूनच काम करत नव्हती, म्हणूनच तो इतका शांत होता. रोजची एक बारीक गोळी पहिल्या महिन्यातच सुरू झाली असती, तर तो इतर मुलांसारखा वाढला असता. आता गोळी चालू आहे. पाच वर्षांचा आमादो अजून बोलत नाही.

गेल्या आठवड्यात लुझविमिंदाला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सासूनंच नातीची टाच माझ्यापुढे धरली.

"आणि बाप्तिस्मा?" मी विचारलं.

"तो थांबेल," म्हातारी म्हणाली.

पोरीनं टाहो फोडला. तिला छातीशी घेऊन लुझविमिंदानं विचारलं, "मनांग, त्या वेळी मी नाहीच म्हटलं होतं का गं? घरात सगळे तसंच म्हणतात. सही माझीच आहे. पण मला आपलं सोमवार म्हटल्यासारखं आठवतं."

पाच वर्षं ती हे घेऊन जगत होती आणि मी गप्प होते.

"सोमवारच म्हणाली होतीस," मी म्हटलं. "नकार मी लिहिला."

ती रडणाऱ्या पोरीला थोपटत राहिली.