झाडाखाली फुटलेले हसू

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या साध्या दोराची कहाणी तुम्ही का वाचावी, हे मलाच नीट सांगता येणार नाही. तरी सांगतो.

घायपाताच्या वाखापासून मला वळले. मेढ्याच्या बाजारातून हरणाबाईंनी मला घरी आणले. वर्षभर मी वैरणीचे भारे बांधायचो, पण नागपंचमीला मला धुऊन आंब्याच्या फांदीला बांधत आणि माझा झोका होई. बायका उंच जाऊन दातांनी आंब्याचे पान तोडत. "लय घट्ट हाय गं ह्यो!" असे माझे कौतुक होई.

हरणाबाईंची सून शिवांजली सर्वांत उंच जायची. पुढे तिचा नवरा, फौजेतला धनाजी, बर्फाखाली गाडला गेला. त्यानंतर ती झाडाखाली आलीच नाही.

यंदा तिच्या लेकीने, प्रांजलने, हट्ट धरला. पोरीला एकटीला भीती वाटे, म्हणून शिवांजली तिला मांडीवर घेऊन बसली. झोका वर गेला, लेक खिदळली आणि आईही मोठ्याने हसली.

"आगं बया! फोटोचा हार वाळला न्हाई, आन् हिला झोका सुचतूय!" शेजारची रंगूबाई म्हणाली.

शिवांजलीने पाय चिखलात रोवले. तिच्या तळहातांना फुटलेला घाम मला कळला. चोरी सापडावी तसा तिने पदर तोंडावर ओढला. "चुकलं माझं, आत्ती," ती सासूला म्हणाली.

हरणाबाईही तरुणपणीच विधवा झालेल्या. त्यांची मान खाली गेली.

"माझं चुकलं, पोरी. धनाजीचा बा गेल्यावर माझं बी हसू असंच फुटलं हुतं. सासूनं निस्तं बघितलं. तवापासनं त्वांड दाबून जगले. आन् तू गप ऱ्हातीस म्हणून मला बरं वाटायचं गं. घरंदाज सून, मी म्हणायचे. लाज वाटती आता." मग म्हणाल्या, "ऊठ. मला बसव."

"आवं आत्ती, पडशीला की!"

"पडू दे. ढकल."

शिवांजलीने हळूच ढकलले. दुसऱ्या हेलकाव्याला हरणाबाईंना हसू आले आणि सवयीने त्यांचा एक हात तोंडावर गेला. झोका तिरका झाला.

"दोनी हातांनी धरा!" शिवांजली ओरडली.

हरणाबाईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. हसू झाकायला आता हात उरला नव्हता. प्रांजल टाळ्या पिटू लागली, आणि शिवांजली पदर खोचून पुन्हा ढकलू लागली.

मित्रांनो, दोराला पावसात टाकू नका, तो कुजतो. आणि एखादी बाई खळखळून हसली, तर आधी तिच्या कपाळाकडे बघू नका.