प्रियांकाचा पंप आणि मी

मी एअर प्युरिफायर बोलतोय. रागातच बोलतोय, आणि आवाज चढला तर चढू दे. खर्डीजवळच्या एका घरात मला मोठ्या मानाने आणलं, हळदकुंकू लावलं; पण मी काय कामाचा आणि काय कामाचा नाही, हे कुणी विचारलंच नाही.

माझ्यात जादू नाही. एक पंखा आणि घड्या घातलेली जाळी, एवढाच माझा संसार. बंद खोलीतली हवा मी ओढतो, तिच्यातली धूळ आणि धूर जाळीत अडकवतो, आणि उरलेली हवा परत सोडतो. बंद खोलीतली! माझ्या खोक्यावर तसं छापलंही होतं. ते खोकं पहिल्याच दिवशी खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवायला गेलं.

घरचा मुलगा शेखर वाशिंदच्या कारखान्यात कामाला. त्याच्या बायकोला, प्रियांकाला, दम्याचा त्रास. माहेरी तो थोडाफार होता, इथे चुलीपुढे बसायला लागली आणि वाढला. दोन हजार चार साली कारखान्याच्या फाटकापाशी टाय लावलेल्या एका विक्रेत्याने मला चालवून दाखवलं, आणि शेखर मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी आला. बायकोसाठीच आणलं त्याने. एवढं मी त्याच्या बाजूने बोलेन.

पण ठेवलं कुठे? पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी, आल्यागेल्याला दिसावं म्हणून! प्रियांकाचा सगळा दिवस मागे, चुलीपाशी. घरात गॅस होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. "गॅसवरची भाकरी लागत नाय मला," सासरा धाकलू म्हणायचा, आणि सासू सकुबाई मान डोलवायची. सून मागे धूर खात होती आणि मी पुढे बसून धाकलूच्या बिड्यांचा धूर गिळत होतो.

शिवाय दिवसा दार लावायची तिथे रीत नाही. दार लोटलेलं दिसलं की शेजारची अंबूबाई लगेच विचारायला येणार, "काय गो, घरात काय वंगाळ झालं काय?" म्हणून दार सताड उघडं, आणि मी चालू. अख्ख्या शहापूर तालुक्याची हवा जणू मी एकट्याने साफ करायची होती.

दसऱ्याला तर कहरच केला. कोयता, विळा, नांगराच्या रांगेत मला बसवलं. झेंडूची माळ नेमकी तिथे घातली, जिथून मी हवा ओढतो. पुढ्यात अगरबत्त्यांचा जुडगा, वर धूप. प्रियांका खोकत खोकत अंगणात पळाली, आणि सकुबाई हात जोडून माझ्याकडे बघत राहिली.

हेही मी सोसलं असतं. पण मग त्यांनी तिचा पंप बंद केला.

डॉक्टरांनी प्रियांकाला तोंडात धरून ओढायचा पंप दिला होता. तिचं औषध ते. मी आलो आणि धाकलूने ठरवूनच टाकलं, "पंपाची सवय लागते. आता मशीन हाय ना, मंग तो कशाला?" पंप संपला तेव्हा नवा आणायला कुणी गेलं नाही. शेखरही नाही. अरे, माझ्यात औषधाचा थेंबसुद्धा नाही! मला तिच्या पंपाच्या जागी बसवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

मग चैत्र आला आणि गावात राब भाजायला घेतले. भाताची रोपं जिथे करायची तिथे शेण, पातेरा आणि फांद्या पसरून जाळतात. धाकलूचा राब घराला लागूनच होता. प्रियांका पातेऱ्याचे भारे वाहता वाहता आली आणि उंबऱ्यातच बसली. तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"पंप..." एवढंच तिला बोलता आलं.

"पंप कुठं आता? मशीनीपुढं बस गो, बरं वाटंल," म्हणत सकुबाईने तिला धरून माझ्यापुढे आणलं. धाकलूने बटण शेवटपर्यंत फिरवलं. दार उघडंच होतं. राबाचा धूर सरळ आत येत होता. मी जीव तोडून ओढत होतो, पण जेवढा ओढत होतो त्याहून जास्त येत होता. तिचं तोंड माझ्या जाळीला टेकलं होतं आणि ओठ काळेनिळे पडलेले मला दिसत होते. मला बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं, तिला उचला, गाडी बघा. दोघं माझ्याकडेच आशेने बघत होते.

तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं आणि मी बंद पडलो. खरं सांगतो, त्यामुळेच ती वाचली. मी चालू राहिलो असतो, तर ते तिला तिथेच बसवून वाट बघत राहिले असते.

धाकलूने सुनेला पाठीवर घेतलं आणि अनवाणी हायवेला पळाला. जीप अडवून तिला शहापूरला नेलं. दवाखान्याच्या पायरीवर तो लहान मुलासारखा रडला, असं शेखर नंतर कुणाला तरी सांगत होता. म्हातारा वाईट नाही, याचाच मला जास्त राग येतो. वाईट असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.

डॉक्टरांनी बजावलं, पंप सोडायचा नाही आणि चूल बंद. पंप आला. गॅसवर भाकऱ्याही झाल्या, पाऊस लागेपर्यंत. मग परत तेच, "चव लागत नाय." चूल पेटली. माझ्याबद्दल ठरलं की मशीन फुकट गेलं, आणि मला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

माळा बरोबर चुलीवर आहे. गोणपाटाच्या फटीतून मला खाली प्रियांका दिसते. लाकूड ओलं असलं की पेटत नाही. मग ती लोखंडी फुंकणी तोंडाला लावते आणि फुंकते. दम लागला की थांबते, पंप ओढते, आणि परत फुंकते. जिच्या छातीत स्वतःपुरता वारा नाही, ती तो चुलीला देते आहे, आणि पुढच्या खोलीत सगळे भाकरीची वाट बघत बसलेत.

मला खाली काढा, असं मी म्हणत नाही. मी इथे गंजलो तरी चालेल. आधी तिच्या हातातली ती फुंकणी काढून घ्या.