चढावरची दुआ

आमच्या आपाला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, शाळेच्या मुलींची व्हॅन चालवायची होती. आधीची ड्रायव्हरबाई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि मोठ्या बाईंनी आपाला सांगितलं, "सुट्टी संपायच्या आत लायसन्स घेऊन ये, जागा तुझी." नवरा वारल्यापासून आपा आमच्याकडेच राहायची. घरात कुणी तिला चकार शब्द बोलत नसे, पण ती स्वतःच आपल्या ताटात हात आखडता घेऊन वाढायची. मी शेंडेफळ, अजून फ्रॉकमधली, तरी मला ते दिसायचं.

गाडी शिकवायला ब्रेकचाचा होते. नाव आम्हीच ठेवलेलं, कारण शिकवताना त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघायचा नाही.

आपा नमाजाची पक्की. अजान व्हायच्या आधीच तिचं हातपाय धुऊन वजू झालेलं असायचं. पण दुआसाठी हात उचलले की मागायची फक्त माफी. अम्मी तेव्हा शिंप्याकडचे शर्ट घरी आणून काज-बटणं करायची. सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली, "अगं, लायसन्सही माग की."

"अल्लाहकडे लायसन्स मागू? लाज नाही वाटत? त्याच्याकडे आखिरत मागावी, मेल्यानंतरचं भलं."

"आणि मरेपर्यंत लागेल ते काय शेजारणीकडे मागायचं?"

बोलणं लागलं असावं. दुसऱ्या दिवसापासून आपा मागायला लागली, आणि अशी लागली की सोय नाही! ब्रेकचाचा दारात हॉर्न वाजवून थकायचे आणि आपा नमाजाच्या चटईवर, मुसल्ल्यावर.

"येते चाचा, नमाजाच्या जादाच्या दोन रकात राहिल्यात."

"बेटी, अल्लाह लायसन्स देईल गं, पण क्लच कोण दाबणार?"

परीक्षेच्या दिवशी मी आणि चाचा मैदानाच्या कुंपणाला चिकटून उभे होतो. परीक्षा घेणारे साहेब हातात चहाचा ग्लास घेऊनच गाडीत बसले. आपाने वळणं छान घेतली. मग तो चढ आला. तिथे मध्येच थांबायचं आणि गाडी मागे न सरकवता पुन्हा निघायचं. आपा थांबली. डोळे मिटले. आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून दुआसाठी उचलले. तिचं सगळं लक्ष वर गेलं, त्याबरोबर ब्रेकवरचा पायही.

"बाई! हात! अहो, हात!"

"साहेब, आमीनपर्यंत थांबा ना!"

साहेब थांबले असते, गाडी कुठली थांबायला! ती सावकाश मागे येऊन रिकाम्या पिंपावर टेकली आणि चहा साहेबांच्या शर्टावर. चाचा माझ्या शेजारी "ब्रेक" ओरडत होते, त्यात त्यांचा घसा बसला.

घरी येऊन आपाने दुपट्टा तोंडावर ओढला. "ही निशाणीच आहे. दुनिया मागितली, तोंडावर आपटले. नको ते लायसन्स आणि नको ती व्हॅन. जा गं, मोठ्या बाईंना सांगून ये, दुसरी कुणी बघा."

मी चपला घालायला लागले.

"तू बस गप," अम्मी मला म्हणाली. मग आपाकडे वळली. "लहानपणी तुझ्याकडून एक अरबी दुआ पाठ करून घेतली होती. नमाज झाल्यावर म्हणतेस ना ती? अर्थ सांग बघू."

आपा घोकल्यासारखी म्हणाली, "मालका, आम्हाला या जगात भलं दे, आणि..." तिथेच ती अडकली.

"आधी काय आलं?"

"हे जग."

"तो क्रम काही मी नाही लावला. रोज या जगातलं भलं मागतेस आणि वर ऐटीत सांगतेस, मी काही मागत नाही! त्याने तुला नाही म्हटलेलं नाही. तू गाडी सोडलीस, गाडी मागे आली. चढावर दुसरं काय होणार?"

आपा रडत होती, ती मध्येच हसली. हसताना नाक पुसायला हाती लागला तो गिऱ्हाइकाचा शर्ट. त्यावरून अम्मी जी ओरडली, ती परीक्षेपेक्षा भारी!

दुसऱ्या दिवशी चाचांच्या आधी आपा दारात उभी. मग रोज तोच चढ. दुपार कलून अस्रच्या नमाजाची वेळ झाली की गाडी कडेला लावून दोघं आपापली नमाज पढायची, मी गाडी राखायचे. नमाज झाली की पुन्हा चढ.

पुढच्या परीक्षेला मला नेलं नाही. "तू दिसलीस की मला पिंप आठवतं," आपा म्हणाली. ती परत आली आणि कुणाशी न बोलता सरळ वजूला गेली.

"पास?" अम्मीने विचारलं. आपाने मुसल्ला अंथरला, नमाज सुरू. कपाळ टेकून सजद्यात गेली ती उठेचना.

"हा शुक्राचा, आभाराचा सजदा की दुःखाचा गं?" अम्मी माझ्या कानात कुजबुजली.

"पाठीवरून काय कळणार?"

अम्मीने बोटात सुई टोचून घेतली. शेवटी आपाने दोन्हीकडे मान वळवून सलाम फेरला, नमाज संपवली, हात उचलले आणि पुटपुटायला लागली. अम्मी निर्लज्जपणे सरकत सरकत तिच्या मागे गेली. मीही गेले.

"या अल्लाह, तुझे लाख लाख शुक्र. पण शाळेची व्हॅन फार लांब आहे आणि फाटक अरुंद. मागे घेताना तेवढं लक्ष असू दे."

"आमीन!" अम्मी मोठ्याने म्हणाली. "आणि उद्यापासून गाडी मागे घ्यायचा सराव कर."