खिडकीतला मोरचूद

मी मोरचुदाचा खडा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, मनातल्या मनात ओरडतोय. मला तोंड नाही, आणि या घरात जे बोलायला हवं ते नेमकं मलाच ठाऊक आहे. खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बरणीत पडलेला असतो. मला बघून म्हणाल, हा कसला मोरचूद, हा तर भिंतीचा पोपडा! म्हणा बापडे. आता तसाच दिसतो मी.

पण एके काळी निळा होतो हो! बघणाऱ्याला बोट लावल्याशिवाय राहवायचं नाही असा निळा. बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीच्या तोंडाशी एका कपारीत पाणी झिरपायचं, आणि त्यातल्या तांब्यावर मी थेंबाथेंबाने वाढलो. ओलाव्यात माझं छान चाललं होतं. कुणी उचलून न्यावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

उचललं ते वायरमनने. जन्मभर तांब्याच्या तारा ओढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर त्याला तांब्याचे रंगीत दगड जमवायचं वेड लागलं. लेक औषधांच्या दुकानात कामाला. तिला सुट्टी मिळाली की बापलेक हातोडी आणि पाण्याचा फवारा घेऊन खाणीच्या टेकडीवर हजर. मॅलाकाइट नावाच्या हिरव्या दगडावर फवारा मारायचा, धूळ उतरून रंग उजळला की "अरे वा!" म्हणायचं आणि वर्तमानपत्रात गुंडाळायचं. त्या दिवशी मात्र वायरमन हिरव्या दगडांवर पाय देत पुढे चालला होता.

"अहो बाबा, एवढा सुंदर तुकडा तुडवून चाललात!"

"कुठे गं? मला तर सगळी काळी खडीच दिसतेय."

लेकीचा चेहरा पडला. त्याचा डावा डोळा आधीच गेला होता आणि उजव्यातली नजर आक्रसत चालली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली मात्र टिकेल. बिघडलं तर तीही जाईल. एखादा रंग नीट दिसतोय तोवर करण्यात अर्थ आहे, असं ते म्हणाले होते. वायरमन नुसता "बघू, बघू" करत होता.

तेवढ्यात त्याला कपारीत मी दिसलो.

"पोरी, निळा! अगं, निळा दिसला मला!" लहान मुलासारखा ओरडला तो, आणि फवारा घेऊन पुढे धावला.

"पाणी नको, बाबा! मोरचूद आहे तो, साखरेसारखा विरघळेल." तिने मला अलगद सोडवून बरणीत ठेवलं. "आणि हे झाकण उघडायचं नाही. कोरडी हवा लागली तर पांढरा पडून भुगा होईल याचा."

"पाणी सोसत नाही, हवा सोसत नाही. तुझ्या आत्याच्या वरताण आहे की हा!"

दोघं पोट धरून हसली. परतीच्या बसमध्ये त्याने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. उतरताना म्हणाला, "कर फोन दवाखान्यात. घे तारीख."

तारीख लांबची मिळाली. तोवर लेक कामावर गेली की वायरमन मला खिडकीत उजेडासमोर धरायचा, उजव्या डोळ्याजवळ न्यायचा आणि म्हणायचा, "आहे रे बाबा, आहे." त्याच्यासाठी आकाश राखाडी, लेकीचे कपडे राखाडी. निळा म्हणून उरलो होतो मी एकटा. माझी ऐट काय विचारता!

पण काच मध्ये यायची, तिच्यावर उजेड चमकायचा. एकदा वैतागून त्याने झाकणच काढलं. "थोड्या वेळाने काय होतंय," मलाच म्हणाला. मग रोजचंच झालं. झाकणाचे आटे त्याला सापडायचे नाहीत, ते नुसतं वर टेकवलेलं राहायचं. खिडकीत ऊन यायचं. आधी माझ्या कडा पांढुरक्या झाल्या, मग अंगभर पीठ चढलं. मी काय करणार? कपाळ!

वायरमनने मला जवळ धरलं, लांब धरलं, डोळा चोळून पुन्हा जवळ धरलं. झाकणाचं त्याच्या मनातही आलं नाही. डोळाच दगा देणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. तो खुर्चीत मटकन बसला. "संपलं," म्हणाला. लेकीचा जीव त्या तारखेत अडकलेला, म्हणून तिला अवाक्षर सांगितलं नाही.

तारीख तोंडावर आली. दवाखान्यात न्यायची पिशवी शोधत लेक खिडकीशी आली आणि मला बघून थबकली. झाकण तिरकं, मी पांढराफटक. ती रागावणारच होती, पण काय मनात आलं कोण जाणे, बरणी उचलून तिने बापासमोर धरली.

"बाबा, कसा दिसतोय हा आज?"

"कसा म्हणजे? निळा की! लख्ख निळा." वर हसलाही.

तिने बरणी इतक्या घाईने खाली टेकवली की माझं पीठ कट्ट्यावर सांडलं. बाप पार आंधळा झालाय आणि आपल्यासाठी नाटक करतोय, अशी तिची खात्री पटली. काही उरलंच नाही तर टिकवायचं काय? उगाच त्याच्या डोळ्याची चिरफाड कशाला? स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि फोन लावला. "तारीख रद्द करा. नाही, दुसरी नको."

वायरमनचे कान शाबूत होते. त्याने सगळं ऐकलं. जेवताना ती म्हणाली, "डॉक्टर गावाला गेलेत म्हणे." तो म्हणाला, "बरं." पुढे कुणीच विषय काढला नाही.

अहो, कुणीतरी सांगा हो त्यांना! त्याला मी पांढरा दिसलो तेव्हा मी पांढराच होतो. त्याचा डोळा खरं सांगत होता. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं, "हा पांढरा झालाय" एवढं म्हटलं असतं, तरी पुरे होतं. ओरडून ओरडून मी निम्मा झालो, भुगा तेवढा वाढला.

वायरमन अजून रोज मला उजेडासमोर धरतो, सवयीने. आज सकाळीही धरलं. पुष्कळ वेळ डोळ्याजवळ ठेवलं, मग बरणी कानाशी नेऊन हलवली.

"आहेस ना रे आत?" त्याने विचारलं.

आहे हो. पण आता त्याला मी पांढराही दिसत नाही, कुणी सांगून उपयोग नाही.